एका रोग्याचे चौसष्ट आराखडे

जगात कोणत्याही कामाला दोनदा वेळ लागतो. एकदा ते करायला, आणि एकदा ते झालं असं मान्य करायला. विज्ञानाने आजवर पहिल्या वेळेवर पुष्कळ मेहनत घेतली. दुसऱ्या वेळेला हात लावण्याचा उद्धटपणा त्याने केलेला नाही.

या बाबतीत मोठ्या रुग्णालयाचा किरणोपचार विभाग आदर्श मानावा लागेल. गाठीवर किरण सोडण्यापूर्वी ते कुठून, कोणत्या कोनातून आणि किती सोडायचे याचं गणित करावं लागतं. त्याला आराखडा म्हणतात. पूर्वी एका आराखड्याला संगणक चार तास पंधरा मिनिटं घेई. सोमवारी सकाळी नऊला बारा रोग्यांचं गणित लावलं की ते बुधवारी दुपारी बाराला संपे. गुरुवारी अकराला पाच तज्ज्ञांची बैठक बसे, दर आराखड्याला पाच मिनिटं देई, सह्या करी आणि बाराला उठे. शुक्रवारी बाराही जणांचे उपचार सुरू होत. (ही पद्धत मागासलेली होती, हे नंतर सिद्ध झालं.)

मग विभागाने ग्राफिक्स कार्ड घेतलं.

मुलगी वडिलांना घेऊन आली, तो कार्ड बसल्यानंतरचा पहिलाच सोमवार होता. वडील शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. गाठ गळ्यात होती. मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे बाकावर बसल्या बसल्या तिने भिंतीवरच्या सगळ्या सूचना दोनदा वाचल्या. संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ त्या दिवशी घरात पाळणा हलल्यासारखा हिंडत होता.

"मास्तर, सोप्पं करून सांगतो," तो म्हणाला. "जुना प्रोसेसर म्हणजे एक हुशार माणूस. त्याला सगळं येतं, पण एकामागून एक करतो. हे कार्ड म्हणजे हजारो साधी माणसं. प्रत्येकाला एकच हिशेब येतो, पण सगळी एकदम करतात. मुळात खेळांतली चित्रं रंगवायला बनवलेलं. आपण किरण मोजायला बसवलं."

"आणि तो हुशार माणूस? घरी पाठवला?"

"छे, छे! काम वाटून कोण देणार? झालेलं गोळा कोण करणार? दोघं मिळूनच चालतं."

"म्हणजे कापणारा एक आणि शिवणारे हजार," मास्तर म्हणाले. "मग काजं कोण करतो?"

"काजं?"

"अहो, शर्ट शिवून झाला तरी काजं केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या अंगावर चढत नाही. माझ्या दुकानात काजवाला एकच होता. सणासुदीची गर्दी असली की ढिगाऱ्याखाली दिसायचासुद्धा नाही बिचारा."

तंत्रज्ञ हसला. मुलगीही हसली. तेवढ्यात मास्तरांचं गणित झालंसुद्धा: तीन मिनिटं बावन्न सेकंद. बारा रोग्यांत मास्तर सातवे होते. बाराव्याचं गणित दहाच्या आत आटोपलं.

दहा वाजता विभागप्रमुख यंत्र पाहायला आले, आणि यंत्र नुसतं बसलेलं त्यांना दिसलं. पुढचे तीन दिवस ते तसंच बसणार होतं. हे कोणत्याही कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला पाहवणारं दृश्य नव्हे. दुपारपर्यंत परिपत्रक निघालं:

एक. नवे यंत्र जुन्यापेक्षा चौसष्ट पट वेगवान असल्याने यापुढे प्रत्येक रोग्याचे चौसष्ट आराखडे करण्यात यावेत.

दोन. सर्व आराखडे बैठकीपुढे ठेवण्यात यावेत.

तीन. प्रत्येक आराखड्यास पूर्वीप्रमाणेच पाच मिनिटे देण्यात यावीत. (रोग्याच्या हिताशी तडजोड नाही.)

परिपत्रकात कुठेही चूक नव्हती. मुलीने ते तपासून पाहिलं. चौसष्ट आराखड्यांना चार मिनिटांप्रमाणे चार तास सोळा मिनिटं लागत होती, म्हणजे जुन्या संगणकापेक्षा एक मिनिट जास्त. पण तो वेगाचा दोष नव्हे. बैठकीला एका रोग्यासाठी पाच तास वीस मिनिटं लागू लागली. अकराला बसलेले तज्ज्ञ अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी धरून चार पन्नासला उठत. कचेरी पाचला बंद होई, आणि दहा मिनिटांत दुसरा रोगी मावत नसे.

अशा रीतीने दर गुरुवारी एक रोगी मंजूर होऊ लागला. मास्तर सातवे, म्हणून त्यांचा गुरुवार सातवा.

पहिल्या आठवड्यात मास्तर रोजच्यासारखं जेवत होते. तिसऱ्यात मुलगी सगळं कालवून, गाळून देऊ लागली. चौथ्या आठवड्यात ती रजा टाकून बैठकीतल्या, आराखडे तपासणाऱ्या भौतिकतज्ज्ञ बाईंना भेटायला गेली. बाई भल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मास्तरांच्या चौसष्ट आराखड्यांचा गठ्ठाही दाखवला. मुलीने सवयीने बोट ठेवून ओळीला ओळ ताडून पाहिली. सगळे आकडे सारखे होते. फरक होता तो दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात.

"बाई, यातला पहिला चांगला नाही का?"

"उत्तम आहे हो. मीच पाहिलाय."

"मग तोच लावा ना."

"ताई, उरलेले त्रेसष्ट बैठकीने पाहिल्याशिवाय तो सर्वात उत्तम आहे असं कसं म्हणायचं?"

"पूर्वी कसं म्हणत होता?"

"पूर्वी एकच असायचा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी गठ्ठा पुन्हा नीट बांधला.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पहिलाच उत्तम आहे म्हणाल्या, बाबा."

"बघ. माप बरोबर असलं की पहिल्या फेरीतच बसतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा बराच खाली गेला होता. ती त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होती.

सहामाही अहवालात विभागाची प्रगती अशी दिली आहे: एका आराखड्याला लागणारा वेळ, पूर्वी दोनशे पंचावन्न मिनिटं, आता चार. तयार आराखडे, पूर्वी आठवड्याला बारा, आता सातशे अडुसष्ट. उपचार सुरू झालेल्या रोग्यांसाठीही तक्त्यात रकाना आखला होता. पण सातशे अडुसष्टच्या शेजारी एकचा आकडा शोभेना, म्हणून तिथे कार्डाचं छायाचित्र टाकलं.

सातव्या गुरुवारी मास्तरांचे चौसष्टही आराखडे मंजूर झाले. सर्वानुमते पहिला निवडण्यात आला. दुपारी विभागातून मुलीला फोन आला.

"ताई, अभिनंदन! मास्तरांना उद्या नऊला घेऊन या. पोट रिकामं ठेवा."

"ते परवा गेले."

"कुठे?"

मग पलीकडच्या माणसाला कळलं. तो मनापासून हळहळला. नंतर त्याने अडचण सांगितली: मंजूर आराखडा तसाच परत घेता येत नाही, त्यासाठी नातेवाइकाची सही लागते. मुलगी शुक्रवारी नऊला जाऊन सही करून आली. त्याला एक मिनिट लागलं. बाहेर बाकावर एका ट्रकचालकाची बायको बसली होती. तिच्या नवऱ्याचा नंबर बारावा.

"आता आमच्यापुढे चारच राहिले ना हो?" तिने विचारलं. तिच्या मांडीवर नवऱ्याचा मफलर होता. नवरा पलीकडे भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता.

"चार," मुलगी म्हणाली.

पुढच्याच बुधवारी विभागात दुसरं कार्ड आलं. (आता आराखडे एकशे अठ्ठावीस.) त्या निमित्ताने सभागृहात छोटा समारंभ ठेवला होता. सर्वात जलद आराखड्याचा विक्रम, तीन मिनिटं बावन्न सेकंद, मास्तरांच्या नावावर असल्याने मानपत्र घ्यायला मुलीला बोलावणं आलं. ती गेली. मानपत्रासाठी गेली नव्हती. विभागप्रमुखांनी ते तिच्या हातात दिलं, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघालं, आणि खाली उतरायच्या ऐवजी ती ध्वनिक्षेपकापाशी थांबली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "बाकावर अजून माणसं आहेत. पहिल्याच आराखड्यावर सही झाली तर उद्या एका तासात बारा जण मोकळे होतील. नाहीतर निदान बैठक रोज तरी घ्या. गुरुवारच का?"

विभागप्रमुख हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होते. ते प्रेमळपणे पुढे झुकले.

"ताई, चार तासांची चार मिनिटं करून दाखवली. आता आठवड्यात सात गुरुवारही आम्हीच घालायचे का?"

हशा पिकला. विनोद खरोखरच चांगला होता, आणि वेळेवर आला होता. मुलगी मानपत्र घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. ट्रकचालकाच्या बायकोने बाकावर सरकून तिला जागा करून दिली आणि काय झालं म्हणून विचारलं. आतून हसण्याचा आवाज अजून येत होता.

हे वाचताना आपल्यालाही हसू आलं असेल, तर संकोच करू नये. त्या समारंभाच्या उपस्थितांच्या यादीत शेवटच्या काही ओळी आपल्यासाठी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. सहीला एक मिनिटही लागत नाही.