लवंगी सशिणीची इटालियन तक्रार

एका जंगलात सगळे प्राणी सुखी आहेत, असं तिथल्या राजाला वाटत असे. त्याला तसं वाटत राहावं म्हणून एक कोल्हा प्रधान नेमलेला होता.

जंगलात पाणवठा एकच. उन्हाळा लागला आणि त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. आत सिंहमहाराजांचे बछडे डुंबू लागले. बाहेर पाटी लागली : 'सुशोभीकरण सुरू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

मुलांनो, दिलगिरी पिता येत नाही. हवं तर करून बघा.

लवंगी नावाच्या सशिणीची पिल्लं तहानेनं सुकली होती. सकाळी ती गवतावरचं दव चाटायची. दुपारी नुसती आईकडे बघायची. शेवटी लवंगी उठली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, पाणी बंद केलंत. आमचं सगळं विस्कटलं. पोरं मरायला टेकलीत."

सिंहमहाराजांनी कानावर पंजा ठेवला. "विस्कटलं! केवढा खरखरीत शब्द. प्रधानजी, ही आमच्याशी भांडतेय का?"

"छे, महाराज. तिला बोलण्याचं वळण नाही, एवढंच."

"काल ते रानडुक्कर येऊन गेलं. म्हणे, बोजवारा उडाला. परवा ती साळिंदर म्हणाली, वाट लागली. दुपारची झोप उडते आमची. राज्यात दुःख असायला आमची हरकत नाही. पण ते कानाला गोड लागलं पाहिजे."

कोल्ह्याने मान डोलावली. त्याच्याकडे तोडगा होता.

हिवाळ्यात इटलीहून आलेला एक करकोचा परत गेलाच नव्हता. तिकडे त्याला कुणी विचारत नसे. इकडे तो तज्ज्ञ होता. त्याच्या मते, एखाद्याचं काही उलटंपालटं झालं तर ते सांगायला इटालियनइतकी सुरेल क्रियापदं कुठल्याच भाषेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. यापुढे तक्रार इटालियनमध्येच घेतली जाईल. वर्ग मोफत.

लवंगीची शेजारीण साळूमावशी साळिंदर ते ऐकून उसळली. "लवंगे, इटालियन कसलं शिकतेस? कुंपण उपटू या. डुकराला सुळे आहेत, मला काटे आहेत, तुला दात आहेत."

"मावशी, तसं नको. महाराज मनाने वाईट नाहीत. त्यांच्यापर्यंत नीट पोचलेलं नाही, एवढंच."

मुलांनो, हे वाक्य ओळखून ठेवा. ते फार जुनं आहे. आणि ते म्हणणारे नेहमी तहानलेले असतात.

पळसाखाली वर्ग भरला. करकोचा एका पायावर उभा राहिला.

"तुर्बारे," तो म्हणाला. "म्हणजे मन गढूळ होणं. शांत पाण्यात खडा पडावा तसं."

"पाणी कुठाय?" रानडुक्कर म्हणालं.

"कल्पना करा. पुढचं. स्कॉम्बुस्सोलारे. पोट ढवळलं तरी चालतं, बेत फिसकटला तरी चालतं."

"दोन्हीला एकच?"

"इटलीत बहुतेक बेत पोटाचेच असतात. स्त्रावॉल्जेरे. पिळून पिळून मूळ रूपच घालवणं. आणि शेवटचं, सगळ्यांत सुंदर. स्कोनवॉल्जेरे. मुळापासून हादरवणं. भूकंप, युद्ध, प्रेमभंग."

"आणि पाणी तोडणं?" लवंगीने विचारलं.

करकोच्याने पाय बदलला. "ते उच्चारावर आहे."

डुकराची जीभ दुसऱ्या शब्दातच अडकली. ते चिखल शोधायला निघून गेलं. लवंगी मात्र हुशार. पण र घोळवायला जीभ ओली लागते. तिची कोरडी होती. ती गवताची पाती चघळून घोकत राहिली. धाकटं पिल्लू आता हाकही मारत नव्हतं. हाकेलाही थोडी ओल लागतेच.

मग ती दरबारात उभी राहिली. तुर्बारेपासून हळूच सुरुवात केली, स्कॉम्बुस्सोलारेवर गिरकी घेतली, स्त्रावॉल्जेरेवर दोन्ही कान पिळले आणि स्कोनवॉल्जेरे म्हणताना तिला खरंच रडू फुटलं.

महाराजांचे डोळे भरून आले.

"वन्समोअर!" ते ओरडले.

लवंगी पुन्हा रडली. पुन्हा वन्समोअर. मग महाराजांनी स्वतःच्या पंजाने तिला शाल पांघरली आणि श्रीफळ दिलं.

बाहेर साळूमावशी वाट बघत होती. "पाण्याचं काय म्हणाले?"

"टाळ्या पडल्या, मावशी."

"त्या कशात भरून नेऊ?"

दोघींनी नारळ ढकलत ढकलत घरी आणला. तो हलवला तर आत डुचमळलं. मावशीने आपला एक काटा उपटला आणि नारळाच्या डोळ्यात खुपसला. पिल्लं पाणी प्याली. धाकट्यानं आईला हाक मारली. मावशीने उरलेले चार थेंब चाटले.

पुढच्या आठवड्यात दरबारातून बोलावणं आलं. 'तीच तक्रार, त्याच सुरात.' लवंगी गेली. नारळ घेऊन आली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. हळूहळू तिच्या पिल्लांच्या अंगावर लव चमकू लागली. मावशीसाठी मात्र थेंब उरेनात. पिल्लं मोठी होत होती ना.

एके दिवशी साळूमावशी आणि रानडुक्कर कुंपणापाशी आले. मागे तहानलेलं अर्धं जंगल होतं. डुकराने पहिल्या बाभळीला सुळे लावले.

लवंगी धावत आली. "मावशी, थांब! काय करतेस?"

"कुंपण काढतेय. सर बाजूला."

"अगं, पण कुंपण गेलं तर मी तक्रार कसली करू?"

"करूच नकोस. पाणी पी."

लवंगीने पाण्याकडे बघितलं. मग आपल्या शालीकडे. मग तिने टुणकन उडी मारली आणि दरबाराचा रस्ता धरला.

"महाराज, लवकर चला! मावशी कुंपण उपटतेय!"

घाईत ती हे साध्या जंगली भाषेत बोलली. एकही क्रियापद इटालियन नव्हतं. तरी महाराजांना पहिल्या झटक्यात समजलं. पहाऱ्यावरचे लांडगे लगेच निघाले.

कुंपण आता पूर्वीपेक्षा पक्कं आहे. बाभळीच्या जोडीला त्यात साळिंदराचे काटे बसवलेत. साळूमावशी उघड्या पाठीने हिंडते. गेल्या आठवड्यात लवंगीने तिच्या पाठीवरही एक नवी तक्रार बसवली. लवंगीला दोन नारळ मिळाले.

तात्पर्य : मुलांनो, अन्यायाविरुद्ध जरूर बोलावं. सुंदर बोलावं, शुद्ध बोलावं आणि बेताने बोलावं. नाहीतर एखाद्या दिवशी अन्याय संपायचा आणि नारळ बंद व्हायचे.