बालवाडीच्या दारात बैल

बायकोच्या अभ्यासात आपण लुडबुड करायची नाही, हा नियम श्रीधरराव कोलारकरांनी तीन वर्षं पाळला आणि शेवटच्या चार दिवसांत मोडला. जे काही रामायण झालं ते या चार दिवसांतलं. त्याआधी त्यांचं वागणं खरंच चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तसं सांगायला जागा मिळणार नाही.

सुरुचीचं लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेज अर्धवट राहिलं होतं. "मग करू" असं तेव्हा ठरलं आणि तो 'मग' उगवायला बावीस वर्षं लागली. मुलगी नूपुर नोकरीला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तशी सुरुची नागपुरात त्यांच्या हुडकेश्वरातल्याच दोन गल्ल्या पलीकडच्या बालवाडीत मदतनीस म्हणून जायला लागली. तिथे तिला वाटलं की हेच आपलं काम. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं बालशिक्षणाच्या पदवीला नाव घातलं. भाजी फोडणीला टाकून एका हातात पुस्तक धरायची. सासूबाई यमुताई दुसरीकडून तिला परीक्षेचे प्रश्न विचारायच्या. श्रीधरराव एका सरकारी कचेरीत बडेबाबू. त्यांनी तिच्या बालमानसशास्त्राच्या मार्कांचा कागद झेरॉक्स काढून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. (बदलीचा अर्ज घेऊन आलेल्या माणसालाही आधी तो कागद वाचावा लागे.)

आता फक्त शेवटचा पाठ उरला होता. बाहेरून परीक्षक येणार, सुरुची त्यांच्यासमोर वीस मुलांना शिकवणार. बालवाडीच्या जुन्या बाई दिवाळीत निवृत्त होत होत्या आणि संस्थेनं साफ सांगितलं होतं की पदवी हातात असेल तर वर्ग तुमचा, नाहीतर बाहेरून बाई आणू. म्हणजे पाठ गेला तर वर्ष गेलं आणि वर्गही गेला.

पोळा दोन आठवड्यांवर आलेला, म्हणून तिनं पाठाला विषय घेतला तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा, खेळण्यातल्या बैलांचा पोळा. मुलांनी साबणाच्या रिकाम्या खोक्यांचे बैल केले होते, त्यांना बाटल्यांच्या झाकणांची चाकं लावली होती. नमुन्याचा एक बैल ती घरी घेऊन आली आणि तो श्रीधररावांच्या नजरेस पडला.

"हा कोण?"

"बैल."

"कोणत्या बाजूनं?"

"अहो, चार वर्षांच्या पोरांनी केला नं तो!"

"ते ठीक आहे. पण परीक्षक येऊन राहिल्या, सुरुची. तान्हा पोळा म्हणजे नागपूरची शान, अन् आपण त्यांना साबणाचं खोकं दाखवायचं?"

"त्या पोरांचं काम पाहायला येऊन राहिल्या, सुतारकाम नाही. तुम्ही यात पडू नका."

"मी काहून पडू?" श्रीधरराव म्हणाले. (पडलेच होते.)

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी महादेवरावांना गाठलं. महादेवराव जुन्या नागपुरातल्या इतवारीचे. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा सागवानी बैल, माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, चाकांच्या जाड पाट्यावर उभा. तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लहान लहान बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ नि पैसे, मागत फिरतात, तेव्हा अर्धी इतवारी महादेवरावांच्या बैलापाशी फोटो काढायला येते. महादेवराव भला माणूस. "न्या की," म्हणाले, "सुरुचीवहिनींसाठी काय पण! फक्त एक गोष्ट सांगतो, दारातून नेताना त्याची—"

"मला नका सांगू महादेवराव. तीस वर्षं फायली हाताळल्या, एक बैल नाही हाताळणार?"

आणि त्यांनी हाताळला, अगदी कचेरीच्या पद्धतीनं. टेप घेऊन बैलाची उंची मापली, पोटाची रुंदी मापली. संध्याकाळी फिरायला जायच्या मिषानं बालवाडीच्या दाराचीही मापं घेतली. सगळं एका कागदावर लिहून खाली सही केली आणि तारीख टाकली. दार रुंद, बैल अरुंद, प्रकरण निकाली. शिंगांचा उल्लेख त्या कागदावर कुठेच नव्हता, आणि जी गोष्ट कागदावर नाही ती श्रीधररावांच्या लेखी जगात नाही.

पाठाच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. बळीरामचा टेम्पो ठरवून इतवारीतून बैल उचलला. झूल, घुंगरू, कपाळावर बाशिंग, सगळा थाट. साडेदहाला टेम्पो बालवाडीसमोर लागला. आतून मुलांचं गाणं ऐकू येत होतं. सुरुचीला काही पत्ता नव्हता, कारण श्रीधररावांना सरप्राइज द्यायचं होतं.

बैल व्हरांड्यात चढवून दोघं ढकलायला लागले.

"बाबूजी," बळीराम म्हणाला, "चाकाखाली काहीतरी चुरून राह्यलं."

"कचरा असेल. तू ढकल!"

दाराशी शिंगं अडली. श्रीधररावांनी बैलाचं तोंड तिरपं केलं, एक शिंग आत घातलं, मग दुसरं. डोकं आत गेलं. त्यांना वाटलं, झालंच. पण मग तिरका झालेला चाकांचा पाटा चौकटीत असा गच्च बसला की बैल पुढे जाईना. मागे ओढावा तर शिंगं चौकटीला आतून अटकलेली. आता मुंडकं वर्गात आणि शेपूट व्हरांड्यात. बालवाडीला दार हे एकच, आणि खिडक्यांना गज.

"आता कसं करायचं गा बाबूजी?" बळीरामनं घाम पुसत विचारलं. "तुमच्या कागदावर काय लिहिलं हाय?"

तेवढ्यात मागे ऑटो थांबला. परीक्षक शोभाताई उतरल्या. किडकिडीत, सुती साडी, काखेत फाईल. यांनी मागच्या वर्षी सात जणींना परत पाठवल्याचं सुरुचीनं घरी सांगितलं होतं. त्यांच्यासमोर दोन पाठी होत्या, एक बैलाची आणि एक श्रीधररावांची.

"सुरुची कोलारकरांचा पाठ इथेच आहे का?"

"आहे, आहे. आतच आहे."

"मग मी आत कशी जाऊ?"

"त्याचीच व्यवस्था सुरू आहे मॅडम!" श्रीधरराव म्हणाले. अशी उत्तरं द्यायची सवय असली की ती आपोआप येतात.

शोभाताईंनी घड्याळ पाहिलं. मग व्हरांड्यातली खुर्ची ओढून त्या खिडकीशी बसल्या आणि फाईल उघडली. म्हणजे पाठ सुरू झाला.

बैलाच्या मानेशेजारच्या फटीतून सुरुचीनं बाहेर पाहिलं. श्रीधररावांनाही आता दिसलं. चाकाखाली चुरलं तो कचरा नव्हता. डिंक वाळावा म्हणून मुलांचे वीस बैल तिनं व्हरांड्यात रांगेनं मांडले होते. वीसच्या वीस चपटे झाले होते.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त त्या खोक्यांकडे पाहत राहिली. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून शिकली बिचारी, आणि आपण शहाणपणा करून तिच्या हातातोंडाशी आलेला घास मातीत घातला, असं श्रीधररावांना वाटलं. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर ते बैलासकट आत गेले असते.

"अहो," सुरुची हळू आवाजात म्हणाली, "आता त्याला हात नका लावू."

मग तिनं पदर खोचला आणि मुलांकडे वळली.

"पोरांनो, आपल्याकडे पाहुणा आला. पण पाहुणा दारात अडकला. आता काय करायचं?"

वीस तोंडांतून तीस उत्तरं निघाली. एकानं बैलाला रागावून पाहिलं. पियुषनं डब्यातली पोळी त्याच्या तोंडापुढे धरली, कारण भूक लागली की तोही असाच हट्टाला पेटतो. सुरुचीनं कुणालाच 'चूक' म्हटलं नाही. पोळी देऊन झाल्यावर विचारलं, "निघाला का?" "नाही!" "मग दुसरं काय करता येईल?"

"बाई, माझ्या आईची बांगडी अडकते नं," काजल म्हणाली, "तर ती साबण लावते!"

"चला, लावून पाहू."

साबण आला, बैलाच्या पाट्याला लागला, चार पोरांच्या नाकालाही लागला. बैल हलला नाही. खिडकीबाहेर शोभाताईंचं पेन मात्र चालत होतं. इकडे श्रीधररावांना एकेका अक्षराचा आवाज येत होता, आणि प्रत्येक अक्षर 'नापास' असंच असणार याची त्यांना खात्री होती.

कोपऱ्यात विहंग नावाचा मुलगा बसला होता. जूनपासून तो वर्गात येत होता आणि जूनपासून एक शब्द बोलला नव्हता. तो उठला, बैलापाशी आला आणि एक शिंग धरून उभा राहिला. बाकीची पोरं ओरडत होती. सुरुचीनं तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. विचारलं काहीच नाही, नुसती थांबली. श्रीधररावांनी बायकोला इतक्या वर्षांत अनेक कामं करताना पाहिलं होतं, पण असं थांबताना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई," विहंग म्हणाला, "शिंग हालून राहिलं."

"हालून राहिलं? मग काय करू या रे राजा?"

"पिळायचं. डब्याच्या झाकणासारखं."

"अरे नको!" श्रीधरराव बाहेरून किंचाळले. "महादेवरावांच्या आजोबांचा बैल आहे!"

सुरुचीनं ऐकलं नाही. तिनं विहंगचे हात शिंगावर ठेवले, वर आपले ठेवले आणि पिळलं. दोन वेढे, तीन वेढे आणि शिंग अलगद हातात आलं. मग दुसरं. पोरांनी असा कल्ला केला की बळीरामनं पण टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी श्रीधररावांचा फोन वाजला. महादेवराव होते.

"पोचला का बैल? परवा तुम्ही ऐकूनच नाही घेतलं. दारातून नेताना त्याची शिंगं काढून घ्या बरं का. पिळली की निघतात."

"हो हो," श्रीधरराव म्हणाले, "आम्हाला माहीत आहे."

आतून वीस मुलं ढकलायला, बाहेरून बळीराम आणि श्रीधरराव ओढायला. "एक, दोन, तीन" मुलांनीच म्हटलं. पाटा सुटला आणि बैल श्रीधररावांच्या अंगावरून थोडक्यात चुकून व्हरांड्यात आला. श्रीधरराव चपट्या खोक्यांवर पसरले.

शोभाताई अखेर आत गेल्या. मुलं घरी जाईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही आधी ठरवलं होतं?"

"नाही बाई," सुरुची म्हणाली. "ठरवलं होतं ते सगळं चाकाखाली गेलं."

"खरं बोललात, बरं वाटलं. अहो, मी आजवर शंभर पाठ पाहिले. सगळीकडे पुठ्ठ्याचा सूर्य अन् पुठ्ठ्याचं फूल, अन् बोलणारी एकटी बाई. पोरं विचार करताना आज पाहिली. तो लहाना बोलला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला." त्यांनी फाईलमधली एक ओळ बोटानं धरली. "हे एवढं राहिलं. घरून काय आणलं होतं तुम्ही? बैल तर मागून आणलेला दिसतो."

सुरुचीनं इकडेतिकडे पाहिलं. "घरून... घरून फक्त हे आलेत."

शोभाताईंनी चष्म्यावरून श्रीधररावांना पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. पाठीला चिकटलेलं साबणाचं खोकंही पाहिलं. मग त्या ओळीपुढे एक आकडा लिहिला, तो श्रीधररावांनी लांबूनच पाहून घेतला.

महिन्याभरानं निकाल लागला. पाठात शंभरपैकी एक्याण्णव! दिवाळीनंतर वर्ग सुरुचीचा. त्या दिवशी श्रीधररावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. कचेरीत पेढे वाटले, टेम्पोवाल्या बळीरामला घरी बोलावून वाटले, ऑटोवाल्याला थांबवून वाटले. "बायको माझी! बावीस वर्षांनी शिकली अन् पहिली आली!" आणि पेढा तोंडात गेला की हळूच पुढे जोडायचे, "त्यातले दहापैकी दहा बरं का, खास माझ्यासाठी आहेत. मॅडमनं मला समोर उभं पाहून दिले."

घरी आल्यावर त्यांनी तेच आईलाही ऐकवलं. यमुताईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि मार्कांचा कागद उजेडात धरला.

"थांब गा, कशाचे दिले ते तर पाहू दे." त्यांनी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "'घरातील निरुपयोगी वस्तूचा कल्पक वापर. दहापैकी दहा.'"