आर्नल्डची शेवटची गाडी

एप्रिलमध्ये आर्नल्ड हिबर्टचं गॅरेज रिकामं झालं आणि त्या दिवसापासून त्याचं जेवणावरचं लक्षच उडालं. सुटे भाग आणून घरच्या घरी स्पोर्ट्स कार जोडायची, हे त्याचं तीस वर्षांचं व्यसन. पहिल्या गाडीला सात वर्षं लागली, दुसरीला नऊ. तिसरीला सरकारी तपासनिसाने दोनदा परत पाठवलं. ती अकरा वर्षांनी रस्त्याला लागली आणि एक दातांचा डॉक्टर ती विकत घेऊन गेला. आता आर्नल्ड अडुसष्टचा होता. पुढची गाडी म्हणजे शेवटची गाडी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

ती चुकली, तर चूक दुरुस्त करायला आयुष्य उरणार नव्हतं. म्हणून तो ठरवतच नव्हता. सकाळी वाटे, जुन्या पद्धतीची, चाकं बाहेर असलेली उघडी गाडी करावी. दुपारी वाटे, छे, ती तर आपल्या स्टोक गावातल्या प्रत्येक निवृत्त माणसाकडे आहे. संध्याकाळी तो तरुणपणी भिंतीवर चिकटवलेल्या त्या लाल इटालियन गाडीपाशी येऊन थांबे. पाचरीसारखी चपटी, छत कमरेच्या खाली, दारं पंखांसारखी वर उघडणारी. तिची हुबेहूब नक्कल सुट्या भागांच्या किटमध्ये मिळत होती.

त्याची बायको मॅव्हिस हे सगळं तीन महिने ऐकत होती. शेवटी एका रविवारी तिने ओटच्या धिरड्यावर चीज पसरता पसरता सांगितलं, "आज घरी जोडलेल्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथे जा, प्रत्येकीत बसून बघ आणि काय ते ठरव. ठरवल्याशिवाय घरी आलास तर मी बहिणीकडे राहायला जाईन."

मॅव्हिस बोलते तशी वागते, हा अनुभव असल्याने आर्नल्ड निघाला. तीही सोबत आली, पण मैदानात शिरताच चहाच्या तंबूकडे वळली.

तशीच लाल गाडी पहिल्याच रांगेत उभी होती. मालकीण मिसेस प्रॉसर, वेल्समधल्या एक हसतमुख विधवाबाई, घडीच्या खुर्चीत विणत बसल्या होत्या. आर्नल्डने आत बसू का विचारलं. त्या म्हणाल्या, अवश्य बसा. त्याने एक पाय आत टाकला, बूड खाली सोडलं, दुसरा पाय हाताने उचलून आत घेतला. ते ठीक झालं. मग कमरेत काहीतरी कट्‌ आवाज झाला आणि आर्नल्ड तिथेच रुतला.

गुडघे स्टिअरिंगच्या चाकाखाली अडकलेले, पाठ लाकडासारखी ताठ. सरळ सांगितलं असतं तर दोन मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. पण परक्या बाईच्या गाडीत अडकलो असं सांगायचं म्हणजे फारच झालं. त्याऐवजी त्याने चेहरा विचारमग्न केला आणि गाडीच्या रंगाबद्दल विचारलं. मग गिअरबॉक्सबद्दल. मग काचेच्या रबराबद्दल. रबरावर तो बारा मिनिटं बोलला. मागे, गाडीत बसून बघायचं होतं त्यांची रांग लागली होती आणि रांगेतली माणसं अतिशय सभ्यपणे खोकत होती.

मिसेस प्रॉसरनी विणकाम बाजूला ठेवलं. एवढे प्रश्न विचारणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. तेवढ्यात कर्ण्यावरून पुकारा झाला, की स्पर्धेतल्या गाड्यांनी परीक्षकांसमोरून एक फेरी मारावी.

"चला, उतरता ना?" त्या म्हणाल्या.

आर्नल्डने उतरायचा प्रयत्न केला. कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मिसेस प्रॉसर ते पाणी बघतच राहिल्या. "तुम्हाला ही सोडवत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचंही असंच व्हायचं. चालवा तुम्हीच. मी शेजारी बसते."

आता खरं सांगणं म्हणजे त्या मेलेल्या माणसाचा अपमान. आर्नल्डने किल्ली फिरवली.

चहाच्या तंबूतून मॅव्हिसने पाहिलं, तर तिचा नवरा एका लाल गाडीतून, शेजारी एका अनोळखी बाईला बसवून, डोळे पुसत चालला होता. गाडीला तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षक हात मिळवायला पुढे आले तेव्हा आर्नल्ड बसूनच राहिला. लोकांना ते जरा उद्धट वाटलं. मॅव्हिस आली, खाली वाकली आणि तिने फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कंबर?"

"कंबर," आर्नल्ड म्हणाला.

प्रथमोपचाराच्या दोन माणसांनी त्याला पियानो काढावा तसा तिरपा करून बाहेर काढलं आणि गवतावर आडवं ठेवलं. मिसेस प्रॉसरनी त्याच्या अंगावर स्वतःची शाल घातली. तो आकाशाकडे पाहत पडून राहिला. पन्नास वर्षं जी गाडी मनात धरली, तिच्यात आपण मावत नाही. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. निर्णय झाला होता, आणि तो इतका वाईट होता की त्यापेक्षा न ठरवण्याचे दिवस बरे होते.

"संपलं, मॅव्हिस," तो म्हणाला. "गॅरेज विकून टाकू."

त्याने मान वळवली. मॅव्हिसने चपला गवतावर काढल्या होत्या. स्कर्ट सावरून ती त्या गाडीत अशी अलगद उतरली, जशी रोज उतरत असावी. तिने चाक धरलं, आरसा नीट केला, गिअर चाचपले. मग तितक्याच अलगद बाहेर आली, आणि पुन्हा आत जाऊन बसली. तीन गाड्या आणि सत्तावीस वर्षांत ती एकदाही चाकामागे बसली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"हीच करायची," ती आतून म्हणाली. "पण अकरा वर्षं नाही हं. तीन. मी एकाहत्तरची होईपर्यंत मला ती हवीय."

"अगं, पण मला तर आत बसलं की बाहेर येता येत नाही."

"तू कशाला बसतोयस? तू जोड, मी चालवते."

"आणि मी?"

मॅव्हिसने पंखासारखं दार खाली ओढलं. ते बंद होता होता तिचं उत्तर फटीतून बाहेर आलं.

"तू व्हॅन घेऊन मागून ये. तूच जोडलेली गाडी, वाटेत बंद पडणारच."