मानेतला उतार

माझे डोळे बांधा, हातात कात्री द्या आणि समोर कुणाचंही डोकं आणून बसवा! केस सुतासारखे सरळ कापले नाहीत, तर सलूनची पाटी उतरवून ठेवीन. पंचवीसेक वर्षं एकाच दुकानात, एकाच खुर्चीमागे उभा आहे मी! अनुभव काय उगाच येतो?

म्हणूनच "सकाळी त्या नव्या पार्लरमध्ये केस कापून येते," असं बायको म्हणाली, तेव्हा माझ्या काळजावरूनच कात्री फिरली.

कारण तसंच होतं. बायको तिच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली होती. फोटोग्राफर अकराला येणार होता, आणि तो फोटो आजवरच्या साऱ्या मुख्याध्यापिकांच्या रांगेत, हॉलच्या भिंतीवर कायमचा लागणार होता.

"अगं, जगाची डोकी मी घडवायची आणि माझ्याच घरचं डोकं परक्याच्या हाती?"

"अहो, पण तुम्ही बायकांचे केस कधी कापलेत?"

"केस ते केस! त्यांना काय ठाऊक, आपण कुणाच्या डोक्यावर उगवलोय ते!"

ती हसली. ती हसली की मला 'हो' ऐकू येतं.

सकाळी स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. काळ्याभोर केसांत एखादी चंदेरी तार. त्या तारेपाशी आली की माझी कात्रीसुद्धा पाऊल न वाजवता चालत होती. मग नेहमीसारखी मान डावीकडे कलती केली, एक डोळा बारीक केला आणि कच्‌! झालं काम!

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. "बाबा, आईच्या केसांची घसरगुंडी का केलीत?"

"कुठंय घसरगुंडी? सरळ तर आहेत!"

"डावीकडे लांब आहेत."

लेकीचं मन राखायला डावीकडे जरा कापले. तर मला उजवीकडे लांब दिसायला लागले! उजवीकडे कापले. लेक ओरडली, "पुन्हा डावीकडे लांब!" तिला डावी, मला उजवी, डावी, उजवी! खांद्यावरचे केस मानेवर आले, मानेवरचे कानाच्या पाळीशी.

"अहो, आरसा द्या."

"थांब गं, शेवटचा हात!"

"फोटोपर्यंत काही शिल्लक राहील ना?" हे ती हसत म्हणाली, पण आवाज ओला होता. माझी कात्री हवेतच अशी अडकली, जणू तीच पहिल्या दिवशी कामावर आली होती!

लेक धावत जाऊन शेजारच्या गवंड्याला घेऊन आली. तो आला तो पाणसळ घेऊनच, ती भिंतीची पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी! त्यानं ती बायकोच्या केसांच्या कडेला लावली.

"वहिनी, हलू नका."

"मी कुठं हलतेय? बुडबुडाच पळतोय!"

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "दादा, जरा सरळ उभे राहा."

"सरळच आहे!"

त्यानं पाणसळ माझ्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा असा धावला, जणू त्याची बस सुटत होती! "केसांचा दोष नाही, दादा. उतार तुमच्या मानेत आहे!"

"ही मान कुठं कलली ते बघू, चला दुकानात!" गवंडी म्हणाला, आणि आमची वरात सलूनकडे निघाली. पुढे पाणसळ, मागे टॉवेल पांघरलेल्या मुख्याध्यापिका! गवंड्यानं पट्टी फरशीवर ठेवली आणि कपाळाला हात लावला. दुकानाची जमीन डावीकडे खचलेली! जमीन कलती म्हणून खुर्ची कलती, खुर्ची कलती म्हणून गिऱ्हाईक कलतं, आणि त्याला बघून बघून माझी मान कलती. एवढ्या वर्षांत मी केस कापायला शिकलो नव्हतो. ही एक फरशी तेवढी पाठ केली होती!

बायकोला खुर्चीत बसवलं. ती कलली, मी कललो, कात्री चालली. ती उठून ताठ उभी राहिली आणि पाणसळ म्हणाली, एकदम सरळ! फक्त केस आता कानावर येऊन थांबले होते.

गवंडी म्हणाला, "उद्या सिमेंट आणतो. तासाभरात जमीन सपाट!"

बायकोनं आरशात बघत कानावरच्या केसांवरून बोट फिरवलं. आता ही रडणार, मी मनात म्हटलं.

"लग्नानंतर तुम्ही हे दुकान घेतलंत," ती हळूच म्हणाली, "तेव्हापासून माझ्याकडे बघताना मान अशी कलती करता. मला वाटायचं, किती मायेनं बघताय!"

गवंडी उगाचच पाणसळ पुसायला लागला.

"मायेनंच बघतो गं!"

"मग भावजी, सिमेंट नको. राहू दे जमीन तशीच."

फोटो अकराला निघाला. मी फोटोग्राफरच्या मागे, माझ्या कलत्या मानेनं उभा होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. आता हॉलच्या भिंतीवर साऱ्या मुख्याध्यापिका ताठ, आणि आमचीच तेवढी मान कलती करून हसतेय. शाळेचा शिपाई येता-जाता ती चौकट सरळ करायला जातो. चौकट सरळच असते!

लोक म्हणतात, रांगेत तेवढा एकच फोटो वाकडा आहे. मला विचाराल, तर तेवढा एकच सरळ आहे. बाकीच्या बायका जरा तिरक्या बसल्यात, पण त्यांना सांगणार कोण!