एक्केचाळीस बिल्ले

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण उधन्याच्या मिल कामगारांच्या वस्तीतल्या धुडकूआप्पांनी चार दिवसांत एक्केचाळीस स्वयंसेवक उभे केले, आणि तेही कशासाठी हे त्यांना स्वतःला धड माहीत नसताना.

काम होतं पुतणीचं. विशाखा शहरातल्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये नोकरीला होती. नव्याण्णव साल ते. वस्तीत संगणक कुणी जवळून बघितलेला नव्हता. मंगळवारी कॉलेजला सुट्टी, म्हणून तिच्या फणसे सरांनी चार मशीनं एका दिवसापुरती वस्तीतल्या विहारात न्यायला परवानगी दिली होती. लोकांनी आपल्या हातांनी त्यांत लिनक्स चढवायचं. "लोक खरंच शिकायला बसले, तर दोन मशीनं कायमची तिथंच ठेवू," सर म्हणाले होते. "नाहीतर संध्याकाळी चारही परत."

"आप्पा, मला दहा स्वयंसेवक मिळवून द्या," विशाखा म्हणाली. "येणाऱ्यांच्या शेजारी बसायला, सीडी घालायला, कुठं अडलं ते लिहून घ्यायला."

"पन हे लिनक्स म्हंजे काय गं?"

"विकतच्या सॉफ्टवेअरचं झाकण बंद असतं, आप्पा. आत काय आहे ते कुणी दाखवत नाही. हे उघडं. बघा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या."

आप्पांनी मिलमधल्या मागांच्या दुरुस्तीत तीस वर्षं काढली होती. "मंग यात नवीन काय? उघडल्याबिगर माग चालतो का कधी?" असं म्हणून ते जयंतीच्या मिरवणुकीतून उरलेल्या 'स्वयंसेवक' लिहिलेल्या निळ्या बिल्ल्यांची पिशवी घेऊन बाहेर पडले.

पहिला सापडला माग चालवणारा भटू. "भटू, मंगळवारी विहारात संगणक शिकायला ये."

"ह्या वयमा माले कोन शिकाडस, आप्पा? पोरं हसतील."

"बरं, स्वयंसेवक म्हणून येतो का?"

भटूनं शर्टाचा खिसा पुढे केला. "लावा."

तिथंच आप्पांना वस्तीची नाडी सापडली. शिकायची लाज सगळ्यांना, सेवेची कुणालाच नाही. मग जिभेला लगाम कसला? सरलाबाईंना त्यांनी बायकांची रांग सांभाळायला दिली, त्यांच्या सुनेला, मंदाला, चपलांचा विभाग.

"रांग लागेल एवढे लोक येणार?" मंदानं विचारलं.

"अगं, दोनशे माणूस येणार!"

मंगळवारी दहा वाजता विहार निळ्या बिल्ल्यांनी भरून गेलं. दोऱ्या बांधल्या, माठ भरले, दाराशी दोघं शिट्ट्या घेऊन उभे राहिले. शिकायला मात्र कुणीच नाही, कारण वस्तीतलं येण्यासारखं प्रत्येक माणूस आधीच सेवेत होतं. सरलाबाई रिकामी रांग सांभाळत होत्या, आणि ती वाकडी होऊ नये म्हणून मधूनमधून मंदाला तिच्यात उभी करत होत्या.

"आप्पा, मी दहा सांगितले होते," विशाखाचा आवाज बारीक झाला. "आता सर येतील. काय दाखवू त्यांना?"

आप्पांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. थाप मारताना आपण पुढचं मोजत नाही, हे काही बरं नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बाराला फणसे सर आले. दोन्ही शिट्ट्या वाजल्या. सरांनी बिल्ले बघितले, मग चार रिकाम्या खुर्च्या बघितल्या. "शिकणारे कुठं आहेत?"

"पाळीवर, साहेब," आप्पा बोलून गेले. "दोनला मिल सुटली की बघा, दोनशे जणांची झुंबड!"

एक्केचाळीस जणांनी माना डोलावल्या.

"छान. मग थांबतो मी," म्हणून सर भिंतीला टेकून सतरंजीवर बसले.

आप्पांनी भटूला खांबामागं ओढला. "बिल्ला काढ आनि खुर्चीत बस. धा जनांनी काढले तरी भागतंय."

"आनि घरी काय सांगू? सेवेतून काढलं म्हणून?" भटूनं बिल्ल्यावर हात ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

आप्पांनी सगळ्या बिल्ल्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी टाळी वाजवली. "स्वयंसेवकांनो! दोनशे लोक यायच्या आत मशीनं नीट चालतात का, हे कोण तपासणार? ते आपलंच काम! चला, बसा पाळीपाळीनं!"

तपासायचं म्हटल्यावर लाज कुठली? भटू काळ्या पडद्यावरून सरसर धावणाऱ्या ओळींकडे ताण्याच्या तारांकडे बघावं तसा बघत होता. एकाएकी ओळी थांबल्या.

"तार तुटली," तो म्हणाला.

"शेवटची ओळ वाचायची, काका. कुठं अडलं ते तिच्यातच असतं," विशाखा म्हणाली आणि तिनं ती वाचून दाखवली. सीडीच वाचली जात नव्हती. भटूनं सीडी काढली, बनियनला पुसली, परत घातली. ओळी सुटल्या. त्यानं असं वळून बघितलं, जसं काही मशीन त्यानंच बनवलं होतं.

पलीकडे सरलाबाई एका बोटानं कळा दाबत होत्या, मंदा चपला सोडून त्यांच्यामागं उभी होती, मंदाच्या मागं आणखी सात जणी. रांग आता खरीच लागली होती आणि ती सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. आप्पा बघत राहिले. या हातांना मुकादम जन्मभर 'मशीनला लावू नको' म्हणत आला होता. आप्पाही म्हणालेच होते की कितीदा तरी.

दोन वाजले. सव्वादोन झाले. सर उठले, तसे आप्पा लगबगीनं आडवे आले. "पाळी लांबली वाटतं, साहेब. ओव्हरटाइम असंल. पन येनार बघा, दोनशेला एक कमी नाही!"

सर विशाखाकडे वळले. "दोन मशीनं राहू देत इथं. आणि या भटूंना शिकणाऱ्यांच्या शेजारी बसवत जा, त्यांना अडलेलं दिसतं."

मग त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "आप्पा, मी सकाळी झेंडावंदन करून आलोय. सव्वीस जानेवारीला तुमच्या उधन्यात कुठल्या मिलची पाळी सुटते?"