गुळाच्या पाकातली वेणी

ऐका रे, आधी एक सांगून ठेवतो. तीन पेडाची कोणतीबी गोष्ट आणा, मी डोळे झाकून विणून देतो! कासरा म्हणा, दावं म्हणा, गोफण म्हणा! अख्ख्या तीर्थपुरीत माझ्या हातचा कासरा तुटलेला कुणी दाखवावा, मी मिशी काढतो! (ती अजून नीट आली न्हाई, हे जाऊ द्या.) तर असल्या माणसाला सहा वर्षांच्या पोराची एक वेणी जड जाईल का? तुम्हीच सांगा!

हो, पोराचीच वेणी! आमच्या हरिओमची, म्हंजे माझ्या थोरल्या भावाच्या पोराची. आमच्यात पयली जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतेत. आन् हरिओमचा मामा, मिथुनदादा, फौजेत! पार तिकडं, जिथं बर्फ सापडतो आन् रेंज सापडत न्हाई. दरवर्षी सुट्टी मंजूर व्हायची, तिकीट निघायचं, भावनावैनी पुरणाची डाळ निवडून ठेवायच्या, आन् ऐनवेळी फोन, "भावने, रद्द झाली गं." डाळ वापस डब्यात. हरिओमचे केस मात्र कुणासाठी थांबले न्हाईत. कानावर आले, खांद्यावर आले, आन् आता कमरेला!

वैनी रोज सकाळी ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून त्याची वेणी घालायच्या. हात वेणीत, डोळे रस्त्यावर. कधी व्हिडिओ कॉल लागलाच तर सोताचं तोंड न्हाई, वेणीच दाखवायच्या. "बघ दादा, इथपर्यंत आली. अजून किती वाढवू?" मिथुनदादा हसायचा, आन् त्याचं हसणारं तोंड स्क्रीनवर तसंच अडकून बसायचं. रेंज गेली! वैनी त्या अडकलेल्या तोंडाकडं लई वेळ पाहत बसायच्या. मी म्हणायचो, "वैनी, कॉल कटला." त्या म्हणायच्या, "माहीत हाय."

तर झालं काय, संक्रांतीच्या तोंडावर वैनी न्हाणीत घसरल्या. उजवा हात पलास्टरमधी! भाऊ पहाटच्या गाडीनं जालन्याला, बियाण्याच्या कंपनीत. आईला डोळ्यानं भांग दिसत न्हाई. राह्यलं कोण? मी!

"वैनी, टेन्शन घेऊ नका!"

"भाऊजी, तो बैल न्हाई."

"तीन पेड ते तीन पेड, वैनी!"

पयल्याच दिवशी अशी आवळली वेणी, की हरिओमचे डोळे कानाकडं सरकले! "काका, मला डोळे मिटता येईनात!" "मंग उघडे ठेव! शाळेत झोपायचं असतं का?" पन कासऱ्याला बारके केस नसतेत ना! मधल्या सुट्टीपर्यंत पोरगं मक्याच्या कणसासारखं पिंजारून गेल्तं. शाळा सुटून ते घरी आलं, आन् मागोमाग त्याच्या तृप्ती मॅडमचा फोन.

"पप्पू, तुमच्या हरिओमचे केस अर्पिताच्या खिचडीत गेले! उद्या तपासणीला मोठे साहेब येणारेत. एक केस हलता कामा नये. जमत नसंल तर सरळ कापून पाठवा!"

फोन स्पीकरवर व्हता. वैनीनं ऐकलं. डाव्या हातात नुसती हरिओमची वेणी धरून बसल्या. मंग हळूच म्हणल्या, "हे कापले तर दादाला बोलवायला माझ्याकडं काय राह्यलं, भाऊजी?"

आता सांगा, असं म्हणल्यावर माणूस घरात बसंल का? मी तडक इजहारच्या दुकानावर. शाळेसमोर त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान हाय, आन् दुनियेच्या सगळ्या अकला त्याच्याकडंच हायेत.

"अबे पप्पू, शादी में दुल्हन के बालां देख्या क्या? एकदम पत्थर! कुछ तो बी लगाते उनो!"

"काय लावतेत?"

"मेरेकू क्या मालूम? मैं क्या दुल्हन हूँ?"

वापस घरी आलो तर आई चुलीवर तिळाच्या वड्यांचा पाक करून राह्यली होती. पाकाचा एक थेंब वाटीत पडला आन् माझ्यासमोर कडक झाला. टक्क! डोक्यात ट्यूब पेटली! बाजारातला माल कशाला, घरचा गूळ असताना?

दुसऱ्या दिवशी वैनी देवाजवळ गेल्या तवर मी वाटीभर पाक कोमट केला आन् वेणीला वरून खालपर्यंत चोपडला. काय सांगू! चमक अशी, की तिच्यात पाहून दाढी करावी! बोटानं वाजवली तर टक टक! एक केस हलायची टाप न्हाई!

"हरिओम, डोकं बिलकुल हलवायचं न्हाई!"

"आन् चाटायचं?"

"चाटायचं तर त्याहून न्हाई!"

वैनी बाहेर आल्या. "भाऊजी, वास कशाचा येऊन राह्यलाय?"

"तेल हाय वैनी. आयुर्वेदिक!"

पुढचं मला मॅडमनी सांगितलं, तेबी दात खाऊन. पोरं प्रार्थनेला रांगेत उभी. ऊन पडलं, पाक जरा ढिला झाला. हरिओमच्या मागं अर्पिता. तिनं वेणीला बोट लावलं, बोट तोंडात घातलं, आन् मागच्या पोरीला म्हणली, "वडी हाय!" झालं! मागच्या पोरीनं तिच्या मागच्याला सांगितलं. राष्ट्रगीत संपस्तोवर अख्खा वर्ग वेणीमागं शिस्तीत लायनीत उभा! साहेब खूश! "वा! काय शिस्त हाय पोरांना!"

पन शाळेला लागून मोसंबीचा बाग, आन् बागाला फुलं आल्ती. मधमाशांना वाटलं असंल, फुलंफुलं काय करत बसता, इथं तयार माल हाय! साहेब बोलायला उठले, "मुलांनो, स्वच्छता म्हणजे..." आन् पुढचं त्यांना सुचलंच न्हाई, कारण एक माशी त्यांच्या नाकावर येऊन बसली व्हती! पोरं इकडं, मास्तर तिकडं, साहेब टेबलाखाली! मधी मैदानात एकटा हरिओम, डोक्यावर माशांचं मोहोळ, दगडासारखा उभा!

"हरिओम, पळ!"

"न्हाई मॅडम! काकानं सांगितलंय, डोकं हलवायचं न्हाई!"

खिचडीवाल्या मावशीनं गोवरी पेटवून धूर केला तवा कुठं माशा हटल्या. पोराला एक डंख न्हाई, माशा खाण्यात दंग व्हत्या ना! डंख बसला तो साहेबांना. नाक पिकल्या टमाट्यासारखं! तसंच नाक घेऊन ते ओरडले, "ते केस आत्ताच्या आत्ता कापा!"

रखमाजी न्हाव्याला बोलावणं गेलं आन् मला मॅडमचा फोन आला. मी वैनींना गाडीवर बसवलं आन् अशी काढली, की पलास्टर वाऱ्यानं वाजून राह्यलं! वैनी मागं एकच बोलत व्हत्या, "जल्दी भाऊजी, जल्दी!"

शाळेत पाहतो तर हरिओम खुर्चीवर, गळ्यात पांढरं कापड, मागं रखमाजी कैची घेऊन! वैनीनं पलास्टरचा हात मधी घातला. "काका, आधी हे कापा! मंग केस!"

"अगं बाई, मी काय कापतो!" रखमाजी रडकुंडीला आल्ते. "माझं बोटच वेणीला चिकटून बसलंय!"

मॅडमनी वेणीचा वास घेतला. "पप्पू, हे काय लावलंय?"

"पाक."

"कशाचा?"

"गुळाचा."

सगळी शाळा माझ्याकडं पाहू लागली. मॅडम कपाळाला हात लावून म्हणल्या, "अहो, मंग कोमट पाण्यानं निघंल की! कैची कशाला पाहिजे?"

खिचडीच्या पातेल्यात पाणी गरम केलं, रखमाजींचं बोट सुटलं, वेणी सुटली. एक केस तुटला न्हाई! वैनीनं ओले केस पदरात गुंडाळले आन् पोराला पोटाशी घेऊन शाळेच्या पायरीवर बसल्या ते उठंनातच.

संपलं? कशाचं! आम्ही पोचायच्या आधी इजहारनं दुकानातून पाहिलं, पोरगं खुर्चीवर, न्हावी कैची घेऊन. येड्याला आनंद झाला! फोटो काढला आन् स्टेटसला टाकला, "आज अपने हरिओमची जावळ! मुबारक हो!" आन् मिथुनदादाचा नंबर इजहारकडं हाय!

दादानं स्टेटस पाहिलंय, हे आम्हाला संध्याकाळी इजहारच्या फोनात दिसलं. वैनीनं फोन लावला. रेंज न्हाई. परत लावला. न्हाई. ताटावर बसल्या आन् तशाच उठल्या. "त्याला वाटलं असंल, बहीण थकली वाट पाहून." एवढंच म्हणल्या. मला इतकं वंगाळ कधीच वाटलं नव्हतं. इजहारनं स्टेटस काढून टाकलं, पन काढून काय उपयोग!

संक्रांत झाली. एक दिवस सकाळी मी ओट्यावर हरिओमची वेणी घालून राह्यलो होतो, नुसत्या तेलानं, आन् दारात भलीमोठी पिशवी आदळली. मिथुनदादा! धुळीनं माखलेला, डोळे लाल.

"भावने! एवढी काय घाई झाल्ती? माझ्याबिगर जावळ काढली?"

वैनी दारात आल्या. हरिओमला खांद्याला धरून नुसतं पाठमोरं केलं. वेणी कमरेवर लोंबत व्हती.

दादा मटकन ओट्यावर बसला. वेणी हातात घेतली, हलवून पाहिली, खरी हाय का म्हणून. आन् रडला की राव! फौजी माणूस! त्यानं तो फोटो त्याच्या साहेबाला दाखवल्ता, साहेबानं त्याच दिवशी सुट्टी सही केली व्हती.

"आता उद्याच काढू जावळ," दादा डोळे पुसून म्हणला.

"उद्या शनिवार हाय," वैनी म्हणल्या.

मंग अमावस्या निघाली. मंग म्हणल्या पलास्टर निघू दे, लेकराच्या जावळीला माझे दोन्ही हात पाहिजेत. मंग चुलत्याकडल्या सोयऱ्यांना वेळ नव्हता. दादाबी रोज म्हणायचा, "बराबर हाय, घाई कशाला?" दोघं भाऊबहीण ओट्यावर चहा पीत बसायचे आन् मी वेणी घालायचो! मामा आलेला असताना!

शेवटी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी हरिओम मामाच्या मांडीवर बसला. रखमाजींनी आधी बोटानं केस तपासले, मंगच कैची लावली. पुरण झालं, जेवणं झाली. हरिओमचं डोकं असं, की नवं भांडं!

दुसऱ्या दिवशी स्टँडवर दादाला बसवायला गेलो. गाडी लागली. दादानं पिशवी उचलली, आन् वैनी एकदम म्हणल्या, "दादा, याचे कान टोचायचे राह्यलेत. तेबी मामाच्या मांडीवरच टोचतेत."

मी म्हणलो, "वैनी, कान तर बारशालाच..."

"बुजले ते. तुम्ही गप बसा, भाऊजी."

मिथुनदादानं खाली बसून हरिओमचा कान धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "हो गं. पार बुजलेत. यावंच लागंल मला."

गाडी गेली. त्या कानाच्या भोकातून मला अख्खं स्टँड दिसून राह्यलं होतं!