सुताभर कमी

चारुशीलाचे वडील नारायणराव धाराशिवच्या कॉलेजात गणित शिकवायचे. अंगानं सहा फूट उंच, एवढ्या एकाच गुन्ह्यापायी प्राचार्यांनी त्यांच्या गळ्यात बास्केटबॉलचा संघ अडकवला होता. उंच माणसाला तो खेळ येतोच, अशी प्राचार्यांची ठाम समजूत. नारायणराव तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले. गोल वस्तू म्हणून त्यांनी आजवर हाती धरलेला असेल तर तो नारळ.

त्या हंगामात धाराशिवच्या पोरांनी तीन गावं पाहिली आणि तिन्ही गावांत मार खाल्ला. नांदेडला चोपन्न-दोन. औरंगाबादला एकाहत्तर-चार. अंबाजोगाईला समोरच्यांनाच दया आली, म्हणून अठ्ठेचाळीस-नऊ.

"सुधारणा हाय, सर," कॅप्टन श्रीमंत म्हणाला.

प्राचार्यांना ती दिसली नाही. त्यांनी नारायणरावांना बोलावून घेतलं. "तुमची नेमणूक हंगामी आहे, विसरू नका. शेवटचा सामना आपल्या मैदानावर, तोही लातूरशी. जिंका असं मी म्हणत नाही. नुसतं हरू नका. हरलात, तर जूनपासून मी दुसरा माणूस बघतो."

लातूरचं नाव निघालं की प्राचार्यांना ठसका लागायचा. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात; जिल्ह्याचं ठाणं धाराशिव, कोर्टकचेऱ्या धाराशिवात, आणि माणसं बाजाराला जाणार लातूरला! हे दुःख त्यांनी अजून पचवलं नव्हतं.

जूनला नोकरी गेली म्हणजे परत तुळजापूर, हे चारुशीलाला लगेच कळलं. तुळजापूर म्हणजे काकूचं घर, आणि काकूच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी एक स्थळ कायम खोचलेलं. मुलगा बार्शीला सरकीच्या दुकानात होता आणि, काकूच्या शब्दांत, 'शिकलेल्या पोरींना भीत नव्हता'. चारुशीला दहावीत होती, वर्गात पहिली होती, आणि मॅट्रिक झाल्याशिवाय कुठल्याही सरकीकडं बघायची तिची तयारी नव्हती.

पण हरण्याआधी खेळावं लागतं, आणि मैदानावर नुसते खांब उभे होते. चेंडू टाकायची दोन लोखंडी कडी सोलापूरहून यायची होती, ती दिवाळीपासून वाटेतच होती. पोरं भिंतीवर खडूनं गोल काढून सराव करायची.

"बाबा, गुंडप्पाला सांगा की," चारुशीला म्हणाली. "अख्ख्या गावाच्या बैलगाड्यांच्या चाकांना तोच लोखंडी धावा चढवतो. त्याला दोन कडी जड आहेत का?"

गुंडप्पा लोहाराला जड काहीच नव्हतं. "माप?" त्यानं विचारलं.

नारायणराव नियमांचं पुस्तक चाळू लागले.

"पुस्तक ऱ्हाऊ द्या, मास्तर. त्यात काय बसवायचं हाय, ती वस्तू दावा." त्यानं चेंडूला सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि चेंडू परत दिला. नारायणरावांना अजून पानही सापडलं नव्हतं. "झालं. सामन्याच्या सकाळी लावून देतो."

दिल्या शब्दाप्रमाणं गुंडप्पानं कडी लावली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पोरांना बजावलं, "नवं लोखंड हाय. पाव्हण्यांचा हात लागल्याबिगर कुणी शिवायचं न्हाय." पाहुणे म्हणजे उद्घाटनाला बोलावलेले आण्णासाहेब, खांबांचं सागवान त्यांच्या मळ्यातलं. त्यामुळं सामना सुरू होईस्तोवर कड्याकडं कुणी चेंडू भिरकावलाच नाही.

आण्णासाहेब साडेपाच फुटी आणि कडं दहा फुटांवर. म्हणून खांबाशी बैलगाडी लावली. आण्णासाहेब गाडीत उभे राहिले, लातूरकरांनी आणलेला कोरा करकरीत चेंडू त्यांनी दोन्ही हातांनी वर केला आणि कड्यात ठेवला. चुंबळीवर घागर बसावी तसा चेंडू बसला. टाळ्या पडल्या.

"हालतोय का बगा!" गुंडप्पा छाती काढून म्हणाला.

हालत नव्हता. सगळ्यांच्या आधी चेहरा उतरला तो नारायणरावांचा.

"गुंडप्पा, चेंडू खाली पडायला पाहिजे!"

"पडायला?" गुंडप्पाला हा अपमानच वाटला. "मास्तर, धाव चाकापरीस सुताभर कमी ठिवावी लागती, तवा ती धरती. ढिलं काम म्या जन्मात केलं न्हाय."

लातूरच्या संघाचे मार्गदर्शक वसंतराव धावत आले. "हे काय आहे? चेंडू जाणार कुठून?"

पंचांनी घड्याळ पाहिलं. लातूरची एसटी साडेसहाला होती. "कडं दोन्हीकडं सारखंच आहे ना? मग तक्रार कसली? खेळा!"

आणि सामना सुरू झाला. लातूरची पोरं चपळ. पळता पळता चेंडू टाकायची. चेंडू कड्यावर आपटायचा आणि परत यायचा. अगदी नेम धरून टाकला, तर बसायचा. "बसला! बसला!" करून लोक नाचायचे. मग एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचं, चेंडू उतरवायचा, पुन्हा खेळ. चौथ्यांदा चेंडू बसला तेव्हा श्रीमंतच्या खांद्यावरचं पोरगं माळांसकट खाली आलं.

चारुशीलाचं घर मैदानाला लागूनच होतं. ती पळत गेली आणि आईची शेवग्याच्या शेंगा तोडायची लांब काठीची आकडी घेऊन आली. एक झटका, चेंडू खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ये आकडीवाली, हिकडं बी बसलाय!" पलीकडून हाक आली. तिनं पदर खोचावा तशी परकराची कड खोचली आणि निघाली. दहावीतली पोरगी भर मैदानात, चारशे बाप्यांसमोर! एरवी ती आईच्या मागं दडली असती. आज ती पंचांनाही "सरका" म्हणत होती.

मध्यंतराला गुणफलक शून्य-शून्य. चारुशीलाच्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला.

"बाबा, आपण हरत नाही आहोत!"

"अगं, पण कुणीच काही करत नाहीये."

"तेच म्हणते मी! असंच चालू द्या!"

नारायणराव गणिताचे प्राध्यापक. शून्य वजा शून्य त्यांना पटलं. त्यांनी पोरांना सांगितलं, "काही करू नका." एवढा एकच डाव पोरांना हंगामभर उत्तम जमला होता. प्राचार्य आण्णासाहेबांशेजारी खुर्चीत पुढं सरकून बसले होते. लातूरला शून्य! त्यांच्या चेहऱ्यावर सणाची कळा आली होती.

शेवटचं मिनिट उरलं. लातूरच्या पोरानं लांबून चेंडू फेकला आणि तो कड्यात गच्च बसला. पंच ओरडले, "काढा लवकर!"

चारुशीला दिमाखात पुढं झाली. आकडी लावली. हलेना. ओढली. हलेना. तिनं दातओठ खाऊन खालून एक ढुसणी दिली. आकडीचं टोक चेंडूच्या नाडीच्या फटीतून आतल्या रबरी फुग्यात गेलं. फुस्स्स! चेंडूनं एक लांब सुस्कारा टाकला, पोट आत घेतलं, आणि कड्यातून सुळकन खाली येऊन तिच्या पायाशी पडला.

पंचांनी आधी कड्याकडं पाहिलं, मग चेंडूकडं.

"वरून खाली गेला," पंच म्हणाले. "लातूर, दोन गुण." आणि शिट्टी वाजली.

"अवं पण ती तर आमचीच हाय!" श्रीमंत ओरडला.

"म्हणूनच तक्रार चालायची नाही," पंच म्हणाले आणि एसटीकडं निघाले.

दोन-शून्य. आणि गुण चढवले कुणी? चारुशीलानं. तिला बार्शीची सरकी दिसू लागली.

तेवढ्यात वसंतरावांनी नारायणरावांचं मनगट पकडलं. जिंकल्याचा आनंद त्यांना शिवलाही नव्हता. "नवा चेंडू होता आमचा! चला, आत्ताच्या आत्ता लातूरला चला! आमच्या प्राचार्यांना तुम्हीच सांगा, कसा फुटला ते!" आणि ते नारायणरावांना ओढत एसटीकडं निघाले. नारायणराव एवढे उंच, पण शेळीसारखे मागं निघाले.

चारुशीला पळत प्राचार्यांकडं गेली. "सर, बाबांना सोडवा" म्हणणार, तोच प्राचार्य खुर्चीतून उठले.

"तो लातूरवाला आपल्या नारायणरावांना कुठं नेतोय गं?"

"लातूरला, सर."

"लातूरला?" प्राचार्यांना जोराचा ठसका लागला. "एकोणचाळीस मिनिटं ज्यानं त्यांना खातं उघडू दिलं नाही, तो माणूस पळवतायत होय! बाजार नेला, आता माणसं न्या! पगार किती देतो म्हणतोय?"

चारुशीलानं खरं सांगायला तोंड उघडलं. काकू आठवली.

"पगाराचं मला ऐकू आलं नाही, सर."

प्राचार्य धोतर सावरत धावले. "सोडा त्यांचा हात! नारायणराव आमच्याकडं कायम आहेत! जूनपासून नव्हे, आजपासून!"

"अहो, पण माझा चेंडू..."

"दोन चेंडू घ्या! माणूस मिळायचा नाही!"

नारायणराव मनगट चोळत एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले.

"बाबा, आधी 'हो' म्हणा," चारुशीला हळूच म्हणाली. "का ते मी घरी गेल्यावर सांगते."